काय होतंय ते सांगा

“काय बिघडलंय ते सांगू नका. काय होतंय ते सांगा.”

पेठ रोडवरच्या त्या गाळ्यात पाय ठेवला की आप्पांचं हे पहिलं वाक्य. ‘या’ नाही, ‘बसा’ नाही. समोर कोण उभं आहे हेही ते बघत नसत. त्यांची नजर आपल्या खांद्यावरून मागे, रस्त्याकडेला लावलेल्या गाडीवर असे. ती गाडी चालत आली, ढकलत आली की ओढून आणली, एवढं त्यांनी तोवर टिपलेलं असे.

आप्पा गाड्यांचे वायरमन. इंजिन, ब्रेक, क्लच यांच्याशी त्यांचा संबंध नव्हता. गाडीत जिथवर वायर जाते तिथवर आप्पा जात, त्यापुढे एक बोटही नाही. मी ज्या छोट्या धर्मादाय रुग्णालयात काम करते त्याच्या दोन रुग्णवाहिका त्यांच्याकडे असत. औषधांच्या फ्रिजपासून जनरेटरच्या डिझेलपर्यंत जे जे चालू राहायला हवं ते सगळं माझ्या वहीत असतं, म्हणून गाड्याही माझ्याकडे, आणि गाड्यांमुळे आप्पा.

पहिल्या भेटीला मी कागद घेऊन गेले होते. सात तक्रारी, क्रमाने, आणि प्रत्येकीपुढे कुठला पार्ट बदलायचा ते. आप्पांनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला, स्टुलावर ठेवला आणि त्यावर आपला चहाचा ग्लास ठेवला.

“ताई, हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“गाडी कोण चालवतं?”

“रामदास. आमचे ड्रायव्हर.”

“मग त्याला पाठवा. ज्याच्या पायाखाली गाडी थरथरते त्यानं बोलायचं.”

मी तडक निघून आले. अशा माणसाकडे पुन्हा जायचं नाही असं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी त्या बाजूच्या दुसऱ्या दोन दुकानांनी आठवड्यानंतरची वेळ दिली, म्हणून नाइलाजाने रामदासला पाठवलं. तो तासाभरात परत आला. सातही तक्रारी एका नटाच्या निघाल्या होत्या. बॅटरीची काळी वायर गाडीच्या अंगाला जिथे जोडतात तो नट सैल होता आणि खाली गंज धरला होता. आप्पांनी तो खरवडला, आवळला आणि रामदासबरोबर माझा कागद परत पाठवला. त्यावर चहाचा गोल डाग होता.

हा त्यांचा पहिला नेम. कुठलीही गाडी येवो, काहीही होत असो, ते आधी परतीची, म्हणजे ती काळी वायर बघायचे. “करंट जातो ते सगळ्यांना दिसतं. परत कसा येतो ते कोणी बघत नाही,” असं म्हणायचे. त्यांच्याकडे आकडे दाखवणारा मीटर होता, पण तो खिळ्याला टांगलेला असे आणि त्यावर धूळ असे. हातात असायचा एक जुना बल्ब, त्याला जोडलेल्या दोन वायरी. मी एकदा विचारलं, आप्पा, मीटर का नाही वापरत? तर म्हणाले, “मीटर फुशारक्या ऐकून घेतो. केसाएवढी वायर शिल्लक असली तरी बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब काम करून बघतो. जोर नसेल तर मिणमिणतो, लगेच कळतं.”

दुसऱ्याच्या गाडीत शिरण्याआधी ते चपला काढत. मालवाहू टेम्पो असला, आत शेणाचा लेप असला, तरी काढत. डॅशबोर्ड उघडायच्या आधी साबणाने हात धूत, कोपरापर्यंत, जेवायला बसतात तसे. काळ्या चिकटपट्टीचा त्यांना मनस्वी तिटकारा. वायरी पिळून वर पट्टी गुंडाळलेली दिसली की ती दोन बोटांत धरून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नाचवत. “हे कोणी केलं? हे जोडणं नाही. हे झाकणं आहे.” त्यांच्या गाळ्यात जोड म्हणजे कथील वितळवून, डाग देऊनच.

आणि ते हात वर करत. त्याचं सगळ्यांना नवल वाटे. त्यांच्या एका बाजूला पत्रा ठोकणारे एक चाचा होते, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला. दिवसभर ठणठण आणि फुसफुस. आप्पांना मोटरचा नाहीतर रिलेचा आवाज ऐकायचा असला की ते गाळ्याबाहेर येऊन उजवा हात वर करत. बोलत काही नसत. चाचांचा हातोडा हवेतच थांबे. पंक्चरवाला कॉम्प्रेसर बंद करी. पलीकडचा चहावाला ग्लास विसळायचा थांबे. मिनिटभर ती रांगच्या रांग गप्प. मग आप्पा हात खाली घेत आणि पुन्हा सगळं सुरू.

चाचा एकदा मला म्हणाले, “मॅडम, पच्चीस साल से ये आदमी हात वर करतोय. एक बार भी सॉरी बोलला नाही.”

“मग तुम्ही थांबता कशाला?”

“थांबलो नाही तर तो तसाच उभा राहील. शाम तक. मैंने देखा है.”

त्यांचा हट्ट मीही पाहिला होता. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार नवी कोरी मोठी गाडी घेऊन आले आणि उतरता उतरता म्हणाले, “आप्पा, अल्टरनेटर गेलाय. बदलून टाका.”

“मग बदला की,” आप्पा म्हणाले. “कळलंय तर माझ्याकडे कशाला आलात?” आणि एका छोट्या टेम्पोच्या खाली शिरले.

बागायतदार आधी हसले, मग चिडले, मग फोन लावत बसले. अर्ध्या तासाने हळूच म्हणाले, “संध्याकाळी दिवे मंद होतात हो. हॉर्न दाबला की आणखी मंद.”

टेम्पोखालून आवाज आला. “हां. आता बोललात.”

ते मूळचे नामपूरचे. एरवी आमच्यासारखंच बोलत, पण राग आला की तोंडातून अहिराणी निघे. “गाडी खोटं बोलस नही, मानूस बोलस,” हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की रामदासही ते म्हणू लागला होता, आणि रामदास सुरगाण्याचा. गेल्या वर्षी आप्पा गाळा सोडून गावी गेले. डोळ्यांनी बारीक वायर दिसेना झाली होती. आता तिथे सीटकव्हरचं दुकान आहे.

इतकं सगळं माहीत असूनही, आप्पा अजून गाळ्यात होते तेव्हा, एका दसऱ्यानंतर मी जे केलं ते केलंच.

मोठ्या रुग्णवाहिकेचा ब्लोअर बंद पडला. ब्लोअर म्हणजे एसीची आणि हीटरची हवा आत ढकलणारा पंखा, दोन्हींना मोटर एकच. रामदासने बघितलं, वीस अँपिअरचा फ्यूज उडाला होता. बदलला. चार दिवसांनी पुन्हा उडाला. आप्पांकडे न्यायचं म्हणजे अर्धा दिवस गाडी अडकणार, वर माझी उलटतपासणी होणार. दिवाळी तोंडावर होती, कर्मचारी रजेवर जात होते. मी रामदासला म्हटलं, “वीसचा टिकत नाही तर तीसचा टाका.”

“चालंल का, ताई?”

“जागा तीच आहे ना? बसतोय ना? मग टाका.”

तीसचा टिकला. मी वहीत बरोबरची खूण केली. पुढे महिनाभराने रामदासने सांगितलं, ब्लोअर घरघरतो. मी लिहिलं, ‘आवाज, पुढच्या सर्व्हिसिंगला.’ नाशिकमध्ये हीटर लावतंय कोण?

जानेवारीत लावायची वेळ आली.

सुरगाण्याहून बाळ आणायचं होतं. दोन दिवसांचं, वेळेआधी झालेलं, वजन जेमतेम दीड किलो. श्वास लागत होता, म्हणून नाकाशी बारीक नळीतून ऑक्सिजन. आमची मदतनीस रजेवर होती, म्हणून कागदपत्रं सांभाळायला मी गेले. सकाळी सातला तिथून निघालो. पुढे रामदास. मागे मी, आमच्या सिस्टर आणि बाळाची आई. वीस-बावीस वर्षांची पोर असेल. सिस्टरांनी बाळ उघडं करून तिच्या छातीशी लावलं होतं, टोपी-मोजे घालून, वरून शाल आणि दोन ब्लँकेटं. सिस्टरांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. “गाडी गरम ठेवा. हे गार पडलं तर श्वास मंदावेल. मग माझ्या हातात फार काही नाही.”

बाळ सकाळपासून रडलं नव्हतं. सिस्टर दर पाच मिनिटांनी हात घालून त्याचे तळवे चाचपत होत्या.

घाटात धुकं इतकं दाट की पुढच्या वळणाचा दगड दिसेना. आणि तिथेच ब्लोअर थांबला. आधी घरघर, मग एक ओढल्यासारखा आवाज, मग काही नाही. दोन मिनिटांत आमच्या श्वासांनी पुढची काच पांढरी झाली. रामदास एका हाताने फडकं मारत, एका हाताने स्टेअरिंग. पुढच्या वळणाला त्याने गाडी कडेला घेतली.

“ताई, काय दिसंना. अशी गाडी खाली नेली तर सगळेच जाऊ.”

मी हिशेब केला. नाशिकहून दुसरी गाडी मागवली तर दीड तास. सिस्टरांनी ब्लँकेट उचलून आत हात घातला, बाहेर काढला आणि माझ्याकडे बघितलं. पाय गार व्हायला लागले होते.

फोनला रेंजची एकच कांडी होती, तीही गाडीच्या सरकत्या दारात उभं राहिलं तरच. मी आप्पांना लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मागे चाचांची ठणठण.

“आप्पा, ब्लोअरची मोटर गेली. घाटात आहोत. आत बाळ आहे, दोन दिवसांचं. बॅटरीवरून डायरेक्ट वायर कशी द्यायची तेवढं सांगा.”

“काय गेलं ते सांगू नका…”

“आप्पा, बाळ मरेल!” मी ओरडले.

ठणठण एकदम थांबली. त्यांनी तिकडे हात वर केला होता.

“ताई, म्हणूनच विचारतो. आधी स्विच बंद करा. मग सांगा, वास येतोय का?”

मी हुंगलं. येत होता. “हो. प्लास्टिक जळल्याचा.”

“अजून?”

“अजून काय? जळल्याचा!”

मागून बाळाची आई हळूच म्हणाली, “राब भाजतात तसा येतोय.”

“कोण बोललं?” आप्पांनी विचारलं.

“बाळाची आई.”

“काय म्हणाली?”

मी सांगितलं. सुरगाण्याच्या डोंगरात उन्हाळ्यात वावरात पालापाचोळा, शेण पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. तो वास तिला पोरवयापासून ठाऊक.

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “ताई, गाडीत आणखी काय चालू आहे?”

“ऑक्सिजन.”

“उतरवा सगळ्यांना! बाईला, बाळाला, आत्ता! त्या डॅशबोर्डात विस्तव शे!”

सिस्टर अडून बसल्या. “बाहेर? या थंडीत? हे बाळ बाहेर काढायचं नाही. तुमचा मिस्त्री काय डॉक्टर आहे?”

एका बाजूला त्यांचं बरोबर होतं, दुसऱ्या बाजूला आप्पांचं. मी दोघांच्या मध्ये दारात उभी. बाळ बाहेर काढलं तर गार पडणार, आत ठेवलं तर ऑक्सिजनशेजारी विस्तव. ठरवायला सेकंद होते आणि ठरवायचं मलाच होतं. मी म्हटलं, “सिस्टर, छोटा सिलिंडर घ्या. मोठा बंद करा. उतरा.”

त्या उतरल्या, पण माझ्याकडे ज्या नजरेने बघत उतरल्या ती मी विसरलेले नाही.

तेवढ्यात मागून एक जीप आली आणि आमच्या मागे थांबली. द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे निघालेली माणसं, दाटीवाटीने भरलेली. बाजूंना नुसती ताडपत्री, सगळीकडून वारा, म्हणून बाळ तीत बसवण्यात अर्थ नव्हता. पण आतल्या बायका न सांगता खाली उतरल्या. सात-आठ जणींनी आईभोवती कडं केलं, एकमेकींना चिकटून, पदर-शाली वर धरून. सिस्टर त्या कड्याच्या आत होत्या. एक म्हातारी त्यांना म्हणाली, “तू बाळ बघ, वाऱ्याचं आम्ही बघतो.”

मी फोन स्पीकरवर टाकला. इंजिन बंद. रामदासने बॅटरीची काळी वायर सोडवली.

“ताई, फ्यूज काढून हातात घ्या. रंग सांगा.”

“हिरवा.”

“हिरवा म्हणजे तीस. तिथं पिवळा पाहिजे, वीसचा. कोणी टाकला?”

रामदास डॅशबोर्डखालून म्हणाला, “मी टाकला, आप्पा.”

“खोटं नको बोलू. तू तसा नाहीस.”

“मी सांगितला,” मी म्हणाले. “वीसचा दोनदा उडाला म्हणून.”

“पहारेकरी बोंबलत होता, त्याला काढून तुम्ही बहिरा ठेवला.” पण आवाज चढला नव्हता. “पहिल्यांदा कधी उडाला? नीट आठवा.”

मला वही लागली नाही. “दसऱ्यानंतर. चार-पाच दिवसांनी.”

“दसऱ्याला गाडीची पूजा केली?”

“केली.”

“हार कुठं घातला होता?”

रामदासचं डोकं डॅशबोर्डखालून बाहेर आलं. “वायपरला, आप्पा. दोन्ही वायपरला बांधून काचेखाली. मोठा घातला होता, झेंडूचा. आपट्याची पानं पण खोचली होती.”

“किती दिवस ठेवला?”

“काढलाच नाही. देवाचा हार कसा काढायचा? तीन-चार दिवसांत वाळून आपोआप पडला.”

“पडला कुठं, ते विचार स्वतःला. काचेखालची जाळी बघ.”

मी बाहेरून बघितली. ब्लोअर बाहेरची हवा जिथून ओढतो ती प्लास्टिकची जाळी, तिचा एक कोपरा तुटलेला. हात जाईल एवढं भोक.

“ब्लोअर ओढतो, हार आत गेला. पंखा फिरेना, मोटर करंट मागत राहिली. ताई, स्पीड कमी-जास्त करणारी एक गुंडाळी असते, ती पंख्याच्याच वाऱ्याने गार राहते. वारा बंद झाला, ती लाल झाली, आणि तिच्याभोवती वाळली फुलं. राबच लावलात तुम्ही. बाई बरोबर सांगत होती.” मग एकदम, “रामदास, डाव्या बाजूचा कप्पा काढ. पाण्याची बाटली जवळ ठेव. सावकाश.”

रामदासने कप्पा उपटला, तीन स्क्रू काढले आणि पंख्यासकट मोटर खाली ओढली. आतून धूर आला. फार नाही, उदबत्तीएवढा. मग फुलं. तपकिरी, काळी, मुठी भरभरून. एका गोळ्याच्या कडेने लाल ठिणगी सरकत होती, फुंकर मारल्यासारखी कमी-जास्त होत. रामदासने तो उघड्या हाताने उचलून रस्त्यावर फेकला आणि मी त्यावर पाणी ओतलं. मागे वळून बघितलं तर सिस्टर कड्यातून डोकं वर काढून ती ठिणगी बघत होत्या.

“दोरा बघ,” आप्पा म्हणाले. “हाराचा दोरा असणार.”

होता. मोटरच्या दांड्याला करकचून गुंडाळलेला. रामदासने तो दातांनी तोडला. पंखा बोटाने फिरवला, फिरला.

“मोटर जगली,” आप्पा म्हणाले. “आता गुंडाळीचा जोड.”

जोड उरला नव्हता. पांढरं प्लास्टिक वितळून वायरींना चिकटलं होतं.

“कापून टाक. मोटरकडून येणारी परतीची वायर सोल, आणि थेट गाडीच्या अंगाला लाव. एखाद्या बोल्टखाली. पत्रा आधी खरवड.”

“पट्टी कुठली लावू, आप्पा? डाग द्यायला काय नाय.”

आप्पा म्हणाले, “सिस्टरांकडे जखमेची चिकटपट्टी असेल ना? ती गुंडाळ.” आणि जरा वेळाने, “हे मी सांगितलं म्हणून पेठ रोडला कुणाला सांगायचं नाही.”

रामदास हसला. मी हसले नाही. कड्याच्या आतून सिस्टरांचा आवाज आला होता, “अजून किती वेळ?” आणि त्या आवाजात पहिल्यांदा मला भीती ऐकू आली होती. “अजून किती, मॅडम? बोटं निळी पडतायत.”

“आप्पा, लवकर.”

“फ्यूज. तीसचा नाही लावायचा. दुसरा पिवळा शोधा. मागच्या एसीचा वेगळा असेल, तो काढा.”

“तीसचाच लावते, दोन तासांचा तर प्रश्न आहे! पिवळा शोधत बसले तर…”

“ताई.” फक्त एवढंच.

मी पिवळा शोधला. माझी बोटं इतकी गारठली होती की तो दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा बसला. रामदासने बॅटरी जोडली, गाडी सुरू केली.

“चालू करू?”

“थांब. आधी आत कोणी चढायचं नाही. चालू कर, आणि त्या बाईला दारात बोलाव. तिला हुंगू दे.”

कडं उघडलं. ती पोर बाळ छातीशी धरून दारापाशी आली, आणि सिस्टर तिला मागून धरून. रामदासने स्विच फिरवला. ब्लोअर एकदम पूर्ण जोराने सुरू झाला. आता एकच स्पीड होता. जाळीतून थोडा चुरा उडाला, मग स्वच्छ हवा आली. आधी गार, मग कोमट. तिने डोळे मिटून तोंड जवळ नेलं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे. जीपवाल्या बायकासुद्धा.

“नाय,” ती म्हणाली. “नुस्ता वारा हाय. गरम.”

आम्ही चढलो. म्हातारीने आपली शाल आत टाकली आणि परत घ्यायला थांबली नाही. मोठा सिलिंडर पुन्हा उघडायच्या आधी मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, वास नाही ना, मग उघडा, पण फोन बंद करू नका. डॅशबोर्डवर ठेवा. मला ऐकू द्या.

मग घाट उतरेपर्यंत तो फोन तसाच होता. काच हळूहळू खालून वर निवळत गेली. फक्त ब्लोअरचा आवाज, आणि फोनमधून काहीच नाही. ठणठण नाही, कॉम्प्रेसर नाही, ग्लास नाही. वळणावर रेंज जायची, फोन तुटायचा, आणि आम्ही लावायच्या आत तिकडून रिंग यायची. रामदास प्रत्येक वेळी उचलून नुसता परत डॅशबोर्डवर ठेवायचा. सिस्टर ब्लँकेटात हात घालून बसल्या होत्या. मी विचारायचं धाडस केलं नाही.

वणीच्या अलीकडे धुकं संपलं आणि सपाटी आली. तिथे कुठेतरी मागून एक बारीक आवाज सुरू झाला. चिरका, तुटक. मग सलग.

आप्पांचा आवाज लगेच आला, तीक्ष्ण. “रामदास! हा नवीन आवाज कशाचा? बेअरिंगचा का?”

मी पुढे वाकले. “बाळ रडतंय, आप्पा.”

सिस्टर मागून ओरडून म्हणाल्या, “त्यांना सांगा, पाय गरम लागतायत.”

मी सांगितलं. ते ऐकत राहिले असावेत. मग फोनमधून हातोड्याचा पहिला ठोका ऐकू आला आणि फोन बंद झाला.